मानेला विचारायचे पाच प्रश्न

सान ग्रेगोरियो, ४ मार्च २००२

तियो पुलोय,

तुमचा हात इथूनच कपाळाला लावते, आशीर्वाद द्या. बेटावर येऊन सहा आठवडे झाले आणि पत्र आज लिहितेय. रागवायचं तेवढं रागवा, पण पुढचं वाचा, कारण काम तुमच्याकडेच आहे.

आमचं हॉस्पिटल म्हणजे पंचवीस खाटा, एक एक्स-रे मशीन आणि दोन डॉक्टर. त्यातली एक मी. दुसरे आमचे साहेब, डॉ. सालुदारेस. माणूस सज्जन, पण मानेच्या बाबतीत फार भित्रा. दहा वर्षांपूर्वी, ते दुसऱ्या बेटावर असताना, कुणाची तरी मोडलेली मान त्यांच्या नजरेतून सुटली. तेव्हापासून मोटरसायकलवरून पडलेला असो, माडावरून पडलेला असो, की लग्नात नाचताना आपटलेला असो, आत आला की आधी फळीवर उताणा. कपाळावर चिकटपट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मानेला पट्टा आणि मग तीन एक्स-रे. आमचं मशीन म्हातारं आहे. चार-पाच फिल्म काढल्या की ते तापतं आणि अर्धा तास कुणाचं ऐकत नाही. तोवर लोक छताकडे बघत पडून राहतात.

परवा एक बाई अशीच तीन तास पडून होती. मुरगळला होता घोटा. बांधलेल्या अवस्थेत तिला उलटी आली. नर्सने आणि मी फळीसकट तिला कुशीवर वळवलं म्हणून निभावलं. नाहीतर मान सांभाळता सांभाळता आम्ही तिचा जीव घेतला असता.

मी रजिस्टर काढून बसले. गेल्या वर्षभरात तीनशे बारा लोकांच्या मानेचे एक्स-रे काढले. मोडलेल्या माना निघाल्या दोन. आणि त्या दोघांच्या मानेला बोट लावताच ते किंचाळले होते, असं साहेबांच्याच अक्षरात लिहिलंय.

परदेशात डॉक्टरांनी हजारो रुग्ण तपासून काही प्रश्न ठरवलेत. मी ते एका पानावर उतरवले. मानेच्या मागे बरोबर मधोमध, मणक्यावर दाबलं तर दुखतं का? दारू प्यायलाय का? पूर्ण भानावर आहे का? हातापायांत बधिरपणा, कमजोरी आहे का? आणि शेवटचा: दुसरीकडे कुठे इतकं लागलंय का, की त्या दुखण्यापुढे मानेकडे लक्षच जाऊ नये? पाचही उत्तरं चांगली आली तर एक्स-रे नको. पट्टा सोडायचा आणि घरी पाठवायचं.

साहेब म्हणाले, "तुझे काका सेबूला चौतीस वर्षं एक्स-रे काढत होते ना? त्यांना विचार. ते हो म्हणाले तर महिनाभर करून बघू."

तर तियो, हो म्हणा. फिल्मवरचे मणके कसे मोजायचे हे शाळेत असताना तुम्हीच मला शिकवलंत. तुमचं नाव इथे माझ्यापेक्षा जास्त चालतं.

तुमची,
जेमालिन


सेबू, १३ मार्च २००२

इन्दाय जेमा,

हात कपाळाला लागला. आशीर्वाद दिला. आता ऐक.

तुझे प्रश्न शहाण्या माणसांनी लिहिलेत यात मला शंका नाही, पण त्यांनी ते शहाण्या रुग्णांसाठी लिहिलेत. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून निदान चाळीस हजार माना गेल्या असतील. त्यांच्या मालकांनी मला काय काय सांगितलं म्हणतेस! "मी प्यायलेलो नाही," असं म्हणणाऱ्याच्या श्वासाने माझी फिल्म धुरकट व्हायची बाकी होती. "मला कुठेच दुखत नाही," म्हणणाऱ्या बाईला नवरा दारात उभा आहे म्हणून दुखत नव्हतं. माणूस खोटं बोलतो, इन्दाय. फिल्म खोटं बोलत नाही.

सेन्तेनो नावाचा कोंबड्यांच्या झुंजीतला पंच होता. पायऱ्यांवरून घसरला. दोन पायांवर चालत आला, केळं खात. मला म्हणतो, "लवकर आटप, दुपारी झुंज आहे." मी फिल्म पाण्यातून काढली आणि उजेडासमोर धरली. पाचवा मणका सहाव्यावरून निसटलेला. त्याला मी त्याच टेबलावर धरून ठेवला, केळ्यासकट. तुझ्या पाच प्रश्नांनी त्याला झुंजीला पाठवलं असतं.

तेव्हा तुझ्या साहेबांना सांग: प्रत्येक मानेची फिल्म. गरिबाची, श्रीमंताची, सगळ्यांची. मशीन तापत असेल तर पंखा लावा.

बाकी मी ठीक. तुझी तिया गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो आणि मीच त्याला नावं ठेवतो. पश्चिमेचं ऊन थेट चुलीवर येतं, तेवढा एक त्रास.

तुझा तियो,
क्रिस्पुलो


सान ग्रेगोरियो, २१ एप्रिल २००२

तियो,

एक पाप कबूल करायचंय. तुमचं पत्र मी साहेबांना दाखवलं, पण घडी घालून. "तुझे प्रश्न शहाण्या माणसांनी लिहिलेत यात मला शंका नाही" इथपर्यंतच. "पण" घडीच्या आत गेला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "एवढा अनुभवी माणूस म्हणतो म्हणजे..." आणि महिना मिळाला.

सेन्तेनोचं म्हणाल तर त्याच्या मानेवर मधोमध कुणी बोट दाबून पाहिलं होतं का? तुम्ही ते लिहिलेलं नाही. मला वाटतं, कुणी दाबलंच नव्हतं.

आता गंमत ऐका. पहिल्याच आठवड्यात नोय इस्लाव आला. माडाची तुबा काढतो आणि काढता काढता निम्मी पितो. झाडावरून पडला. प्यायलेला, म्हणजे नियमाप्रमाणे एक्स-रे. काढला, मान शाबूत. त्याच सकाळी महापौरांच्या बायकोची, मॅडम पुरिंगची गाडी चर्चच्या फाटकाला घासली. मी पाचही प्रश्न विचारले, मान दाबून पाहिली, हात-पाय पाहिले.

"मॅडम, तुम्ही ठणठणीत आहात. पट्टा काढते."

"म्हणजे माझा एक्स-रे नाही?"

"गरजच नाही."

"इस्लावचा काढलात!"

"तो प्यायलेला होता, मॅडम."

"वा! म्हणजे तुबावाल्याची मान ती मान, आणि माझी काय दोडका?"

बाई पट्टा घालूनच निघून गेल्या आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला तोच घालून पहिल्या रांगेत बसल्या. त्यावर त्यांनी मोत्यांची माळ घातली होती.

पुढचं अजून वाईट. गावात बातमी पसरली की फोटो फक्त प्यायलेल्यांचा काढतात. आता लोक दारातूनच ओरडत येतात, "डॉक्टर, मी प्यायलोय हं!" एका शिक्षिकेने, कधी थेंबाला न शिवणाऱ्या बाईने, तुबाने चूळ भरली होती. मी विचारलं, "मॅडम, असं का?" तर म्हणाली, "बोटीला पैसे नाहीत, शहरात जाता येत नाही, सरकारने दिलेली एवढी एक वस्तू तीही नाकारता?"

तरीही हिशोब चांगला आहे. महिन्यात चौतीस जण आले, एक्स-रे निघाले तेरा जणांचे, आणि एकही मोडलेली मान सुटली नाही. कुणी तासापेक्षा जास्त फळीवर पडलं नाही. साहेब माझ्या पानाच्या तीन प्रती काढायला सांगतात, म्हणजे खूश आहेत.

तुमच्यासाठी एक प्रत सोबत. शिव्या समासात लिहून पाठवा.

जेमालिन


सेबू, ९ मे २००२

इन्दाय,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे.

झालं असं. पश्चिमेच्या उन्हावर मी उपाय काढला. छातीच्या जुन्या फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवायच्या. छान गार अंधार होतो आणि कुणाच्या तरी फासळ्यांमधून सूर्य मावळताना दिसतो. एक तारखेला तिसरी फिल्म लावताना स्टूल कलंडलं आणि मी ओट्याच्या कडेवर कपाळ आपटून खाली. हात टेकला तो मोडला.

शेजाऱ्यांनी आमच्याच हॉस्पिटलात नेलं. आर्सेन्यो आता तिथे मुख्य झालाय, माझ्या हाताखाली शिकलेला. मनगटाची फिल्म काढली, बरी काढली. मग म्हणतो, "सर, कपाळ आपटलंय, मानेचीही काढू." मी म्हटलं, "पुढारलेल्या देशांत आता असं करत नाहीत," आणि खिशातून तुझं पान काढून त्याला वाचून दाखवलं. बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.

दारू? पंधरा वर्षं शिवलेलो नाही. भानावर? त्याच्या मशीनची सेटिंग चुकली होती ती मी सांगितली. मधोमध दुखतं? जरा आखडलंय, या वयात सगळ्यांचंच आखडतं. आणि खरं सांगू, मनगट इतकं ठणकतंय की मानेची आठवणही येत नाही. पाचही प्रश्नांत पास. तुझ्या नियमाला मी मोठ्या मनाने मान दिला, स्वतःची मानच दिली, असं समज. तीच एक मान सध्या देण्यासारखी आहे.

फक्त सकाळी मान वळवताना थोडं जड जातं, म्हणून उशी काढून टाकली. कपही परवा डाव्या हातातून सुटला, पण डाव्या हाताला सवय कुठे आहे?

समासातल्या शिव्या मागे घेतो.

तियो


सान ग्रेगोरियो, १५ मे २००२

तियो,

हे पत्र तुम्ही बसून वाचत असाल तर आडवे व्हा. मान वळवू नका. कुणी हाक मारली तरी वळू नका.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. "मनगट इतकं ठणकतंय की मानेची आठवणही येत नाही." तियो, तो पाचवा प्रश्न आहे! तुम्ही त्यात नापास झालात आणि त्यालाच पास म्हणता! कप सुटला, तो चौथा. आखडलंय, तो पहिला. चाळीस हजार लोकांचं खोटं तुम्ही पकडलंत आणि स्वतःचं डाव्या हाताने लिहून पोस्टात टाकलंत.

धक्क्यावर धावत गेले तर बोट सुटलेली. पुढची शुक्रवारी. या बेटावर सेबूला लागणारा फोन एकच आहे, महापौरांच्या घरी. मॅडम पुरिंग ओसरीवर बसल्या होत्या, पट्टा घालून.

"मॅडम, एक फोन करायचाय, माझ्या काकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"करा की. मी कुठे नाही म्हणतेय?" फोनवर त्यांनी हात ठेवला. "मी एवढंच म्हणते, जीव सगळ्यांनाच असतो."

मी म्हटलं, "उद्या सकाळी आठला या. तीन फिल्म."

"चार," त्या म्हणाल्या. "एक बाजूने, हसरी."

आज सकाळी काढल्या. नियमाच्या आयुष्यातली पहिली लाच, आणि ती मीच दिली. मान अर्थातच सुंदर आहे.

फोनवर आर्सेन्यो मिळाला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, ते मला फिल्म काढू देणार नाहीत. दोनदा विचारलं. पण बघतो काहीतरी," आणि लाइन गेली. त्यानंतर काही कळलेलं नाही.

आणि आता माझं. मूळ प्रश्नांच्या जोडीला दुसऱ्या एका देशातल्या डॉक्टरांची एक ओळ होती: वय पासष्टच्या पुढे असेल तर काही न विचारता एक्स-रे. म्हाताऱ्या माणसाची हाडं स्टुलावरूनही मोडतात. ती ओळ मी गाळली. पान एकच हवं होतं आणि ओळ दुसऱ्या पानावर उतरत होती. इथे पडतात ते सगळे तरुण, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात, तियो. तुम्ही माझं पान खिशात घालून गेलात आणि त्यावर तुमच्यासाठी लिहिलेली ओळच नव्हती.

शुक्रवारच्या बोटीने मीच यायला निघाले असते, पण साहेब तापाने पडलेत आणि मी इथे एकटी आहे. हे पत्र बोटीच्या कारकुनाच्या हातात देते. कृपा करून कुणाकडून तरी निरोप पाठवा.

जेमा


सेबू, २८ मे २००२

इन्दाय,

हे मी सांगतोय आणि मेरिडेल नावाची शिकाऊ नर्स लिहितेय. माझ्या कवटीला चार स्क्रू लावून त्यावर लोखंडी कडं बसवलंय आणि त्याच्या दांड्या छातीवरच्या कवचाला जोडल्यात. मी हलू शकत नाही, बोलू शकतो. वॉर्डला हे उलटं असतं तर जास्त आवडलं असतं. (हे लोलो, म्हणजे आजोबा, स्वतःच म्हणाले. – मेरिडेल)

आर्सेन्योने काय केलं ते ऐक. १५ तारखेच्या सकाळी तो माझ्या दारात, बरोबर सहा विद्यार्थी आणि हॉस्पिटलची गाडी. म्हणाला, "सर, या मुलांना पट्टा नीट घालता येत नाही, फळीवर घेता येत नाही. तुमच्यासारखा शिकवणारा कुणी राहिला नाही." मी विरघळलो. खुर्चीतच बसून मुलांना सांगत होतो, "हनुवटी धर! ओढू नकोस! सगळे एकदम, माझ्या मोजण्यावर!" त्यांनी मला एखाद्या अंड्यासारखं उचललं. गाडीत मी खूश होतो.

टेबलावर आर्सेन्यो म्हणाला, "सर, तोंड उघडं ठेवून काढायची फिल्म मुलांना जमत नाही. तुम्हीच एकदा दाखवता?" मी दाखवली. पडूनच.

पंधरा मिनिटांनी त्याने काही फिल्म माझ्या डोळ्यांवर, उजेडासमोर धरल्या. "सर, मुलांची परीक्षा घ्यायचीय. तुम्ही आधी वाचा." पहिली ठीक, दुसरी कुठल्याशा बाईची. तिसरी बघितली आणि मी ओरडलो, "ही कुणाची? दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका बुडातून तुटलाय, मागे सरकलाय! हा माणूस कुठे आहे? चालत फिरतोय की काय? गाढवांनो, त्याला आधी आडवा करा!"

सहाही मुलं जमिनीकडे बघत होती.

आर्सेन्यो म्हणाला, "आडवाच आहे, सर."

(इथे लोलोंनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. – मेरिडेल)

जेमा, पान दोषी नाही. पासष्टची ओळ त्यावर असती तरी मी अंगठ्याने झाकून वाचलं असतं. तू मला सेन्तेनोबद्दल विचारलंस, कुणी बोट दाबलं होतं का. नव्हतं. मी मणके बघत होतो, माणूस कधी दाबून पाहिलाच नाही.

आणि तूही ओळखायला चुकलीस. मी तुझ्या नियमाला मान दिला नाही. मी घाबरलो होतो. ओट्याजवळ जमिनीवरून उठतानाच माझ्या मानेत काहीतरी वाजलं होतं आणि ते काय असतं हे मला सेबूतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. फिल्म पाण्यात असते तेवढा वेळ लोक बाहेरच्या बाकावर बसायचे. चौतीस वर्षं मी दाराच्या आतल्या बाजूला होतो. बाहेरच्या बाजूला बसायची वेळ आली तेव्हा खिशात तुझं पान सापडलं.

डॉक्टर म्हणतात तीन महिने. बोटं हलतात, पाय हलतात. कप आता डाव्या हातात टिकतो.

तुझ्या साहेबांना मी वेगळं पत्र लिहवलंय. त्यात लिहिलंय की एक्स-रेवाला म्हणतोय, सरसकट एक्स-रे काढू नका. प्रश्न विचारा, स्वतःच्या बोटाने मान दाबा आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. त्यात "पण" नाही. घडी न घालता दे.

तियो


सान ग्रेगोरियो, ६ जुलै २००२

तियो,

साहेबांनी तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा नेमका उलटा अर्थ काढला. "बघ, एवढ्या जाणत्याची मान मोडली! उद्यापासून पुन्हा सगळ्यांचे एक्स-रे." मी त्यांना ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून म्हणाले, "म्हणजे पान नीट विचारलं असतं तर त्यांचा एक्स-रे निघाला असता?" मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी." त्यांनी वयाची ओळ स्वतःच्या हाताने सगळ्यात वर लिहिली. पान आता दोन पानांचं झालंय. चालतंय.

मॅडम पुरिंगची हसरी फिल्म त्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत लागलीय. पट्टा त्यांनी हॉस्पिटलला परत केला, धुऊन, इस्त्री करून.

काल बाजाराचा दिवस. खोबऱ्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक वळणावर उलटला. वर बसलेले अकरा जण एकदम आले. साहेब एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. प्रत्येकाजवळ वाकून, मान दाबून, तोंडाकडे बघून विचारलं. आठ जण दुपारच्या जेवणाआधी घरी गेले. तिघांच्या फिल्म काढल्या, मशीन एकदाही तापलं नाही. तिघांपैकी एकाची मान मोडलेली निघाली. आधीसारखं असतं तर तो रांगेत नववा असता आणि आम्ही त्याला दोनदा फळीसकट इकडून तिकडे हलवलं असतं.

त्याचं नाव वेनान्सियो. सत्तावीस वर्षांचा, पोती चढवायचं काम करतो, बायकोचे दिवस भरत आलेत. आजच्या बोटीने त्याला फळीवर बांधून पाठवतेय. बरोबर आमची नर्स आहे. आर्सेन्योला कळवलंय, तुमच्याच वॉर्डात खाट मिळेल.

मी त्याला विचारलं, "दुखतं का?" तो म्हणाला, "नाही, डॉक्टर, मी अगदी ठीक आहे." आणि त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली.

तियो, तुमचा स्क्रूचा मुकुट बघून तो घाबरेल. त्याला सेन्तेनोची गोष्ट सांगू नका. आधी तुमचे हात-पाय हलवून दाखवा. आणि तिथल्या नव्या फिल्मचा रिपोर्ट येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.

जेमालिन